प्राचीन भाषेतला शाप

माझी आई पहिल्यांदा मेली ती न्यूझीलंडमधल्या आमच्या पुकेकोहे गावी, एका कांद्याच्या शेतात, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. सिनेमात. हे लगेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुण्याच्या मावशीला हेच वाक्य मी फोनवर उत्साहाच्या भरात सांगितलं, आणि पुढचा शब्द ऐकायच्या आत तिने तिकडे हंबरडा फोडला.

आई आमच्याकडे कायमची राहायला आली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी शिकायला म्हणून न्यूझीलंडला आले आणि इथलीच झाले. भाज्या धुऊन पॅक करणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी बघते. नवरा ऑकलंडला आयटीत आहे. मुलगी इथेच जन्मली, त्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. बाबा गेल्यावर आई पुण्यात एकटीच राहीन म्हणत होती. आम्ही तिला समजावून, थोडं धमकावून इकडे आणलं.

आईने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. माणसांशी बोलणं हीच तिची नोकरी. तिचा आवाज असा की ती कुजबुजली तरी शेवटच्या खोलीत प्रत्येक अक्षर सुटं ऐकू यावं. आणि इथे सकाळी आम्ही तिघं तीन दिशांना पांगलो की त्या आवाजाला दिवसभर काही काम नसायचं. ती कुंपणाजवळच्या लिंबाशी बोलते, असं मुलीने मला एकदा सांगितलं होतं. "लिंबू answers her, I think," असंही म्हणाली.

आईची एक सवय मात्र पुण्याहून जशीच्या तशी आली होती. आम्ही कुठेही निघालो की ती दारात थांबून विचारायची, "गॅस बंद केलास का?" आमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे. माझा नवरा सुरुवातीला नम्रपणे म्हणायचा, "आई, आपल्याकडे गॅस नाहीच आहे."

"नसला तरी बघून यायला काय जातं?" आई म्हणायची.

मग तो बूट काढून स्वयंपाकघरात जायचा, तिथे क्षणभर उभा राहायचा आणि परत यायचा. "बंद आहे," असं सांगायचा. तेव्हा कुठे गाडी हलायची.

सिनेमाची बातमी आणली शेजारच्या बेननी. बेन म्हणजे पलीकडच्या घरातल्या गुजराती बाई. त्यांच्या आजेसासऱ्यांपासून त्यांच्याकडे इथे कांदा-बटाट्याची शेती आहे. त्या आणि आई हिंदीत बोलत. दोघींच्याही हिंदीला व्याकरण नव्हतं, त्यामुळे त्यांचं फार छान जमायचं. बेनच्या मुलाने एक शेत आणि त्यातलं जुनं लाकडी घर एका सिनेमा कंपनीला वापरायला दिलं होतं. फार पूर्वी आलेल्या, भुतांच्या एका कृष्णधवल सिनेमाची नवी आवृत्ती काढत होते. गोष्ट साधी होती. एक जोडपं शेतातलं घर विकत घेतं, शेतात गावातली मेलेली माणसं पुरलेली असतात, ती उठतात आणि रोज येऊन दारं वाजवतात. तर अशी उठणारी माणसं त्यांना हवी होती. वयस्कर, हळू चालणारी.

"चलोगे?" बेननी विचारलं.

"मरना ही है ना? चलो," आई म्हणाली.

शूटिंगच्या दिवशी मी रजा काढून दोघींना घेऊन गेले. शेतात तीसेक म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा पीत होती आणि एक मुलगी एकेकाला राखाडी रंगवत होती. दिग्दर्शक म्हणजे तिशीतला, किडकिडीत, थंडीतही शॉर्ट्स आणि गमबूट घातलेला मुलगा. प्रत्येक मेलेल्या माणसापाशी जाऊन तो "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत हात मिळवत होता.

पहिला पेच कपड्यांवरून झाला. आईला एक फाटका झगा आणि फाटकं स्वेटर दिलं होतं. मेकअपची पाळी येईपर्यंत तिने पर्समधून सुईदोरा काढला आणि स्वेटरची दोन्ही भोकं सफाईने रफू केली. कपडे सांभाळणारी बाई ते बघून मटकन बसलीच. ती भोकं पाडायला तिला दोन दिवस लागले होते म्हणे.

"मेलेलं असलं तरी माणसाने नीटनेटकं असावं," आई मला म्हणाली. "हे तिला इंग्रजीत सांग. मी सांगितलं तर तिला राग येईल."

दुसरा पेच चालण्याचा. एक नृत्यशिक्षक सगळ्यांना मेलेल्यांची चाल शिकवत होता. एक पाय ओढायचा, मान वाकडी ठेवायची, हात लोंबते सोडायचे. बेनना ते पहिल्या झटक्यात जमलं, कारण त्यांचा गुडघा खराबच होता. आई मात्र रोज पहाटे पर्वती चढलेली बाई. कॅमेरा सुरू झाल्यावर ती सगळ्या मुडद्यांना मागे टाकून तरातरा निघाली आणि बाकीचे शेताच्या मध्यावर असताना घराच्या दाराशी जाऊन उभीही राहिली.

नृत्यशिक्षक धावत आला. "तुम्ही मेलेल्या आहात!"

"हो ना," आई म्हणाली. तिचं इंग्रजी एक्स्चेंजमधलं, अतिशय सभ्य. "सर, मेल्यावर गुडघे कशाला दुखतील?"

दिग्दर्शक छोट्या पडद्यावर तो तुकडा परत परत बघत होता. संथपणे झुलत येणारी तीस माणसं आणि त्यांच्यातून भाजीला निघाल्यासारखी सुटलेली एक बाई. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "हे फार भीतीदायक आहे," तो हळूच म्हणाला. "यांना असंच चालू दे."

आणि मग त्याने आईला आणखी एक प्रसंग दिला. नायक स्वयंपाकघरात एकटा आहे, दारावर थाप पडते, तो दार किलकिलं करतो, बाहेर ही. प्रसंग रात्रीचा होता आणि डोक्यावर लख्ख ऊन होतं. रात्र नंतर कॉम्प्युटरवर करणार होते. "आत्ता का नाही करत?" असं आईने तिघाचौघांना विचारून पाहिलं.

"तुमच्या भाषेत काहीतरी बोला," दिग्दर्शक म्हणाला. "मेलेली आई परत आली तर मुलाला काय विचारेल, ते."

आईने स्वेटरची बाही सारखी केली. मग कॅमेरा सुरू झाला, नायकाने दार उघडलं, आणि आईने फटीतून त्याच्याकडे बघत, कुजबुजत, एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "गॅस बंद केलास का?"

तो नट खरोखरच दोन पावलं मागे गेला आणि ओट्यावर आदळला. रंगवणाऱ्या मुलीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. एवढ्या लोकांत, बेन सोडल्या तर, अर्थ कळलेली मी एकटीच होते, आणि माझ्याही अंगावर काटा आला होता.

परतताना गाडीत मी तिला म्हटलं, "हे काय विचारलंस अगं?"

"मग काय विचारू? मेल्यावर परत येऊन माणूस वेगळं काय विचारणार? जन्मभर जे विचारलं तेच." मग काच वर करत म्हणाली, "तुझे बाबा कधीच बंद करायचे नाहीत."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही महाराष्ट्र मंडळातली अर्धी माणसं घेऊन ऑकलंडला गेलो. आई ठेवणीतली साडी नेसली होती. तिला बघायला आलेल्या एका आजींनी रामरक्षा म्हणत संपूर्ण सिनेमा डोळे मिटून काढला, आणि त्यांचं काहीच हुकलं नाही. आई त्यात नव्हतीच. शेतातल्या गर्दीत एकदा रफू केलेली बाही दिसली, तेवढीच. दाराचा प्रसंग गायब होता. बाहेर आल्यावर लोक दुखवट्याला आल्यासारखे रांगेने आईला भेटले. "स्वेटर मात्र उठून दिसत होतं हं," एक काका म्हणाले.

पुढचे बरेच दिवस आईने सिनेमाचा विषय काढला नाही आणि कोणी काढला तर ती भाजी निवडायला घ्यायची. निवडायला भाजी नसली तर निवडलेली परत निवडायची. मला त्या पोरगेल्या दिग्दर्शकाचा मनस्वी राग आला होता. पण त्याने स्वतःहून फोन केला. लांबी कमी करा म्हणून वरून हुकूम आला होता, तो स्वतः दोन दिवस जेवला नाही, आणि घरी बघण्याच्या ब्लू-रे डिस्कवर मात्र पूर्ण सिनेमा येणार आहे, आईच्या प्रसंगासकट. "तो सिनेमाचा आत्मा आहे," तो म्हणाला.

"बघू," आई म्हणाली.

डिस्क पोस्टाने आली. काळ्या डबीत निळसर चकती, वर त्या घराचं चित्र. प्रश्न असा की ती लावायची कशावर? आमच्या घरात अशी चकती गिळणारी एकही वस्तू नव्हती. नवऱ्याने ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, एक प्लेअर आणला. त्याने आमची डिस्क ओढून घेतली, घरघर केली आणि तिच्याऐवजी आत आधीच अडकलेली एक डिस्क बाहेर काढली. ती मेंढ्यांची लोकर कशी कातरावी याची होती; आमची मात्र स्क्रू काढून, यंत्र उघडून सोडवावी लागली. दुसऱ्या प्लेअरला ब्लू-रे चालत नव्हती. शेवटी बेनच्या नातवंडांच्या खेळाच्या यंत्रावर ती चालते असा शोध लागला, आणि एका रविवारी दुपारी आम्ही सगळे बेनच्या दिवाणखान्यात पडदे ओढून, ढोकळ्याच्या बशा मांडीवर घेऊन बसलो.

प्रसंग आला. दुपारची खरोखर रात्र केली होती. दार किलकिलं झालं आणि फटीत आईचा चेहरा दिसला. कुजबुज मागच्या स्पीकरमधून, थेट कानात आली. बेननी माझा हात गच्च धरला. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं उमटली: 'प्रेत प्राचीन भाषेत शाप देते.'

"थांबवा," आई म्हणाली.

चित्र थांबलं. आईने चष्मा पुसला, परत लावला, परत वाचलं.

"प्राचीन? कोण प्राचीन?"

"आजी, chill, it's just subtitles," मुलगी म्हणाली.

"आणि शाप? मी शाप देईन? दुसऱ्याच्या मुलाला? काळजीने विचारलंय मी!"

माझ्या मुलीने मग फोनवर शोधाशोध केली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. डिस्क परदेशात आमच्याआधीच पोचली होती. भुताच्या सिनेमांच्या शौकिनांनी तो प्रसंग शेकडो वेळा ऐकला होता आणि त्या शापाचा अर्थ लावायचं काम जोरात चालू होतं. 'गसबन' हा पाताळातला राजा आहे यावर बहुतेकांचं एकमत झालं होतं. 'डकेलासका' म्हणजे त्याची राजधानी की त्याची बायको, यावर मात्र दोन तट होते आणि ते एकमेकांना वाटेल ते बोलत होते.

आईच्या आग्रहावरून मी दिग्दर्शकाला फोन केला. म्हटलं, ती भाषा प्राचीन वगैरे नाही, मराठी आहे, आणि शाप तर मुळीच नाही.

"मग काय म्हणतात त्या?"

मी सांगितलं.

पलीकडे एक दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "प्लीज, हे कोणाला सांगू नका."

याच फोनवर त्याने आईला हॅमिल्टनला बोलावलं. तिथे डिस्क आणि कॉमिक्स विकणारं एक दुकान होतं. नव्या डिस्कच्या निमित्ताने ते कलाकारांना सह्या द्यायला बसवणार होते. नायक दुसऱ्या शूटिंगला गेला होता, नायिकेला फ्लू होता. उरली आई. लोक तर म्हणे तिच्यासाठीच येणार होते.

आई तयार झाली. तिने इस्त्रीची साडी काढली आणि वर ते रफूचं स्वेटर घातलं. कपडेवाल्या बाईने ते तिला आठवण म्हणून, किंवा कदाचित डोळ्यांसमोर नको म्हणून, देऊन टाकलं होतं.

दुकानाबाहेर शनिवारी सकाळी रांग लागली होती. सगळे काळ्या टी-शर्टात, बऱ्याच जणांच्या अंगावर रक्त छापलेलं, आणि सगळे विलक्षण शिस्तीत. एक जोडपं तान्ह्या बाळाला कवटीचं टोपडं घालून घेऊन आलं होतं. आई टेबलामागे बसली, शेजारी दिग्दर्शक, मागे मी. आई प्रत्येक डिस्कवर देवनागरीत ठसठशीत सही करत होती आणि प्रत्येकाला "जेवून आलात का?" असं इंग्रजीत विचारत होती. लोक ते ऐकून दचकायचे, एकमेकांकडे बघायचे आणि खुशीत बाजूला व्हायचे.

मग एक डोंगराएवढा माणूस पुढे आला. शॉर्ट्स, रबरी चपला, दाढी पोटापर्यंत. दुधाचा टँकर चालवतो म्हणाला, पहाटेची फेरी संपवून सरळ इथे आलाय. त्याने डिस्क पुढे केली नाही, उजवा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत ठळक काळ्या रोमन अक्षरांत गोंदलेलं होतं: गसबन डकेलासका.

आईने चष्मा सारखा केला. बोटाने एकेक अक्षर लावत वाचलं. "हे पुसता येतं?"

"नाही, मॅडम. कायमचं आहे." त्याच्या आवाजात अभिमान होता. मग जरा लाजत म्हणाला, "पण याचा खरा अर्थ काय? मी कोणाचं नाव गोंदवलंय, ते मला कळलेलं बरं."

दिग्दर्शकाने टेबलाखालून आईच्या पायावर पाय दिला. मी आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईने दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. समोर एक माणूस कायमचा हात गोंदवून उभा होता आणि त्याने सरळ प्रश्न विचारला होता.

"याचा अर्थ," आई स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, "तू गॅस बंद केलास का?"

तिचा आवाज असल्यामुळे ते फुटपाथवरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेलं. दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले. तो माणूस आपल्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा रडणार किंवा टेबल उलटवणार.

"माझी आजी हेच विचारायची," तो शेवटी म्हणाला. "निघताना, दर वेळी." त्याच्या दाढीतून एक मोठा श्वास बाहेर आला. "आता ती थडग्यातून उठून येते आणि हे विचारते… नाही, नाही. हे शापापेक्षा फारच भयंकर आहे."

"हो ना?" आई म्हणाली. आपलं म्हणणं कोणालातरी कळल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं.

रांगेतून कुजबुज मागे मागे गेली. एक मुलगी ओरडली, "गसबन राजा नाहीच?" तिच्या मित्राने तिला थोपटलं. पण मग बाळवाल्या बाईने विचारलं, तुम्ही ते म्हणून दाखवाल का, आणि आईने म्हणून दाखवलं, आणि त्यानंतर सह्या बाजूलाच राहिल्या. आई उठून उभी राहिली. तिने सगळ्यांना ते वाक्य तीन तुकड्यांत फोडून दिलं. "गॅस तर तुमचाच शब्द आहे, तो का चुकता?" असं दटावलं. 'बंद'मधला द जीभ दातांना टेकवून म्हणायला लावला. हॅमिल्टनच्या त्या दुकानात, रबरी मुखवटे आणि प्लास्टिकच्या कुऱ्हाडींच्या मधोमध, काळ्या टी-शर्टातली चाळीसेक माणसं एका सुरात विचारत होती, "गॅस बंद केलास का?" बाहेरून जाणारा एक सायकलवाला थांबला, त्याने आत बघितलं आणि वेगाने निघून गेला.

टँकरवाल्याने जाताना विचारलं, "मग या हाताचं काय करू?"

आईने विचार केला. "राहू दे. शब्द चुकीच्या जागी तोडलेत, पण सल्ला चांगला आहे."

पुढे त्या डिस्कची नवी खेप निघाली तेव्हा तळाची ओळ बदलून 'गॅस बंद केलास का?' अशी झाली होती. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी त्या ओळीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. अपराधभाव, घर, अग्नी, बरंच काही त्यांना त्यात सापडलं. पाताळाच्या राजधानीचा वाद मात्र मिटला नाही. खरा अर्थ मुद्दाम लपवलाय, असं आता दोन्ही तट मिळून म्हणतात.

आता दुसरा भाग निघतोय आणि त्यात आईचं काम मोठं आहे. शूटिंग टौरंगाला, बंदराजवळच्या एका जुन्या कोल्ड स्टोरेजमध्ये, जिथे पूर्वी किवीफ्रूट ठेवायचे. परवा मी तिला आणायला गेले तर मेकअप उतरवायला वेळ लागेल म्हणून ती तशीच गाडीत येऊन बसली. राखाडी चेहरा, काळेनिळे ओठ, गळ्यावर माती. डोंगराचा चढ लागायच्या आत तिला झोप लागली, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून.

उतारावर पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या, दारू तपासायला, दुपारच्या उन्हात. एक तरुण पोलीस बाई माझ्या खिडकीशी वाकली. श्वास तपासायचं यंत्र माझ्या तोंडापुढे धरून तिने मला दहापर्यंत आकडे म्हणायला सांगितले. मी सहावर असताना तिची नजर पलीकडच्या सीटवर गेली.

"तुमच्या सोबतच्या बाई ठीक आहेत ना?" तिने अगदी शांतपणे विचारलं. तिचा दुसरा हात मात्र रेडिओवर गेला होता.

"माझी आई आहे," मी म्हटलं. "दमली आहे हो."

"मला वाटतं, तुम्ही गाडी बंद करावी."

मी गाडी बंद केली. आवाज थांबल्याने आईला जाग आली. तिने डोळे उघडले, सावकाश मान वळवली आणि खिडकीतल्या टोपीकडे पाहिलं. पोलीस बाई झटक्यात सरळ झाली आणि तिचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं.

"सॉरी हं," आई तिला अत्यंत सभ्य इंग्रजीत म्हणाली. "मी गुरुवारपर्यंतच मेलेली आहे."

तिने आम्हाला बराच वेळ बाजूला उभं केलं. आईने तिला शूटिंगचे फोटो दाखवले, मग नातीचे, मग पुण्याच्या घराचे. शेवटी त्या पोलीस बाईने आईबरोबर स्वतःचा एक फोटो काढून घेतला आणि आम्हाला हात करून जाऊ दिलं. मागच्या गाड्यांची रांग तोवर पार वरच्या वळणापर्यंत गेली होती.